उझिझाची जुडी

मैदुगुरी,
१२ मे १९८४

ओयिदिया ताईस,

मी बरा आहे, म्हणजे खोकला सोडून. इथे उत्तरेच्या वाऱ्यात नुसती माती आहे. भाकरीत माती, पाण्यात माती, थुंकलो तरी माती. तू मला उझिझाचे दाणे पाठव. इथे बाजारात मिरच्यांचे डोंगर आहेत, पण उझिझा म्हटलं की लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात. घसा धरला की आई ते दाणे कुटून गरम पाण्यातून द्यायची आणि छाती मोकळी व्हायची, तसं करायचं आहे.

बेकरी सोडली. मालक मला पोरगा समजत होता. आता सुक्या माशांची खोकी लॉरीत चढवतो. अंगाला वास येतो, पण कुणी हुकूम सोडत नाही.

आता खरं कारण लिहितो. अदाकूचं पत्र आलं, चार ओळींचं. ‘मी आईकडे आहे. बरी आहे. पोट वाढतंय. काळजी नसावी.’ संपलं. ताई, ती आईकडे का गेली? आपल्यात बाळंतपणाला आई लेकीच्या घरी येते, ओमुग्वो करते, शेकते, न्हाऊ घालते, कालवण करून खाऊ घालते आणि मानाने परत जाते. लेक पोट घेऊन आईच्या घरी जाऊन बसली असं कधी ऐकलंस का? तेही बाळ यायला चार-पाच महिने असताना? माझं घर तिला नकोसं झालं का?

त्या बाईला मी कधीच आवडलो नव्हतो. तिला आबा शहरातला तो टकल्या लॉरीवाला जावई हवा होता. हे तू विसरली असशील, मी नाही.

तुझा भाऊ,
एन्यिन्नाया


उमुओबासी,
२८ मे १९८४

एन्यी,

तू बेकरी सोडलीस हे तुझं पत्र येण्याआधीच तुझ्या मित्राच्या, लिव्हिनसच्या आईकडून कळलं होतं. त्याआधी तू सायकलचं दुकान सोडलंस, त्याआधी सुतारकाम. शाळा तर तिसरीतच सोडलीस. बायको तेवढी सोडू नकोस म्हणजे झालं.

दाणे पाठवते आहे. जाडसर कुट, पूड करू नकोस. गरम पाण्यात टाक, वर झाकण ठेव, मग घोट घोट घे. पोटातला वाराही सरेल. पानं पाठवली नाहीत, वाळली की त्यांचा जीव जातो. तसंही उझिझाची पानं बाळंतिणीच्या कालवणातच शोभतात. पोट साफ होतं, कंबर आवळून येते, दूध उतरतं. यातलं तुला काहीच व्हायचं नाही, तेव्हा दाण्यांवर भागव.

अदाकूच्या आईला बरं नाही. पोटात गाठ आहे म्हणतात. इस्टरपासून ती चर्चलाही आली नाही, आणि मातृसंघाची अध्यक्षा ती! निळा पट्टा लावून पहिल्या बाकावर बसणारी बाई अशी गैरहजर, म्हणजे दुखणं थोडंथोडकं नसणार. एकुलती एक लेक तिच्याजवळ जाणार नाही तर काय तू जाणार? अदाकू मला सांगून गेली. मीच म्हटलं, जा.

आणि ‘त्या बाईला’ काय? सासू आहे ती तुझी. नवरा गेल्यावर एकटीने शेत राखून तिने लेक वाढवली आणि तुला दिली. नीट बोलावं.

ओयिदिया


मैदुगुरी,
१४ जून १९८४

ताई,

हे पत्र उभ्याने लिहितो आहे, बसवत नाही.

काल लिव्हिनस लॉरी घेऊन इथे माल उतरवायला आला. मला चहाच्या टपरीवर घेऊन गेला, आधी सिगारेट पेटवली, मग म्हणाला, “एन्यी, तुला सांगू की नको?” असं विचारणारा माणूस सांगितल्याशिवाय थोडाच राहतो! 

तो म्हणाला, “तुझी बायको मला न्क्वोच्या दिवशीच्या बाजारात दिसली.” मी म्हटलं, “कुठल्या न्क्वोच्या? आपल्या?” तर म्हणे, “छे, नदीपलीकडच्या. जिथे आपल्याला कुत्रंही ओळखत नाही, तिथे.” ताई, आपल्याकडे हाकेवर दोन बाजार भरतात, ते सोडून ही पोट घेऊन नदी ओलांडते!

पुढचं ऐक. ती पालेवालीच्या पुढ्यात उभी. पालेवाली म्हातारी तिला म्हणते, “पोरी, दुसरं काहीही घे. उझिझाचं पान मी पोटुशीच्या हातात द्यायची नाही. उद्या काही वाकडं झालं तर माझ्या तोंडावर थुंकतील.” अदाकू म्हणाली, “माझ्यासाठी नाही.” म्हातारी म्हणाली, “मग जिच्यासाठी हवं तिच्या घरच्या कुणाला तरी पाठव.” आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. तेव्हा अदाकूने डोक्याचं फडकं पुढे ओढलं, पलीकडच्या टोकाला गेली, एका पोराला पुढे केलं आणि त्याच्याकरवी जुडी घेतली. साधी जुडी नव्हे, बकरीला घालतात तेवढी. लिव्हिनसने हाक मारली तर तिने ऐकलंच नाही. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, म्हणतो.

आता मला सांग. त्या पानाने गर्भ टिकत नाही असं आपल्या बायका म्हणतात की नाही? तूच लिहिलंस की ते बाळंतिणीचं पान आहे. त्या घरात बाळंतीण कोण आहे? एक आजारी विधवा आणि एक माझी बायको. मग जुडी कोणाच्या पोटात गेली?

मला सगळं दिसतं आहे. आईने लेकीला घरी बोलावून घेतलं. गाठबीठ काही नाही. माझं मूल पडलं की लेक मोकळी, आणि टकल्याचं लग्न अजून झालेलं नाही!

तू जा तिथे. न सांगता जा. भांड्यात काय आहे ते बघ. अदाकूच्या पोटावर हात ठेवून बघ. माझं मूल आहे की नाही ते मला लिही.

एन्यी


उमुओबासी,
२९ जून १९८४

एन्यी,

गेले होते. आधी तुला हवं ते सांगते म्हणजे बाकीचं नीट वाचशील. मूल आहे. माझ्या तळहाताला त्याने लाथ मारली. लाथेवरून तुझंच वाटतं.

आता बाकीचं. मला ते आवडलं नाही, आणि खोटं कशाला सांगू, मलाही संशय आला आहे.

फाटकाशीच वास आला. उझिझा, सुका मासा, कोनफळ. आपण सगळे ओळखतो तो वास. बाळंतघराचाच वास तो. अंगणात मोठ्या हंड्यात पाणी उकळत होतं आणि भिंतीला लाकडं रचलेली, एवढी की लग्नाला पुरतील. अदाकू धावत बाहेर आली आणि दारात अशी उभी राहिली की आत नजर जाऊ नये.

“ताई, आई आत्ताच झोपली आहे.”

“झोपू दे की. मी काय ढोल घेऊन आले आहे? कालवण कोणाचं?”

“आईचं. गाठ काढली ना तिची.”

“कुठल्या दवाखान्यात?”

ती बोटांकडे बघत राहिली. म्हणाली, “लांबच्या.”

“तू हे खातेस का गं?”

“नाही ताई. चाटतसुद्धा नाही. मीठ बघायला शेजारच्या मुलीला बोलावते.”

“शपथ?”

तिने पोटावर हात ठेवला. “याची.”

एन्यी, मी बायकांची मापं घेऊन पोट भरते. खोटं बोलणारी बाई मला खांद्यावरून कळते. ती हे खोटं बोलत नव्हती. पण दुसरं काहीतरी नक्की लपवत होती. कारण तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, कुरकुर केल्यासारखा.

मी म्हटलं, “हे काय?”

“बकरीचं करडू. आई मेली त्याची, म्हणून आत ठेवलंय.”

“अदाकू, मी शिंपीण आहे, बहिरी नाही.”

तिचे डोळे भरले. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, “ताई, आज जा. पाया पडते, आज काही विचारू नकोस.” मी निघाले. जाताना आतून तुझ्या सासूचा आवाज ऐकला, “गेली का?” आजारी माणसाचा आवाज नव्हता तो. भ्यायलेल्या माणसाचा होता.

मला वाटतं त्यांनी कुणाची तरी पोर लपवली आहे. त्यांच्या नात्यातली कुणी आबा शहरातली, लग्नाआधी अडकलेली. मातृसंघाच्या अध्यक्षेच्या घरात तसं काही निघालं तर चर्चमध्ये तिची काय शोभा राहील? म्हणून हे सगळं झाकणं. पण हा माझा अंदाज आहे. मी पुन्हा जाईन. तोवर तू तोंड शिवून ठेव. तुझं तोंड शिवायला माझ्या मशीनमध्ये सुई नाही, म्हणून हात जोडून सांगते आहे.

ओयिदिया


मैदुगुरी,
९ जुलै १९८४

अदाकू,

ताईने मला सगळं लिहिलं आहे. दारात उभी राहिलीस ते, करडाचं ते, सगळं. तू मला येडा समजू नकोस.

आता मला कळलं तुझी आई काय धंदा करते. मुली लपवायच्या, पानं खाऊ घालायची आणि पोटं मोकळी करायची. वरून निळा पट्टा! माझं मूल अजून आत आहे म्हणतात. कधीपर्यंत? तुझ्या आईचा हात तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत ना?

रविवारी आपल्या गावमंडळाची इथे बैठक होती. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बोललो. नाव घेऊन बोललो. म्हातारे म्हणाले, ही एका घरची गोष्ट नाही. सचिवाने तिथेच गावच्या वडीलधाऱ्यांना पत्र लिहिलं. तुमच्या उमुएझेच्या म्हाताऱ्यांनाही. आता तुझ्या आईला त्यांच्यासमोर बसून सांगावं लागेल की जुडी कोणाच्या पोटात गेली.

तू नव्या कोनफळांच्या सणाच्या आत ताईच्या घरी ये. नाही आलीस तर माझ्या घरी येऊच नकोस. तुझ्या घरच्यांकडून लग्नात दिलेलं देज परत मागायला माणसं येतील.

मी माशांचं काम सोडतो आहे. इथे सगळे माझ्याकडे बघून कुजबुजतात. न्गालाला, सरोवराच्या बाजूला, होडीवर काम मिळतंय.

एन्यिन्नाया


उमुएझे,
२४ जुलै १९८४

एन्यी,

तुम्हाला चार ओळींच्या पत्राचा राग आला होता. आता मोठं लिहिते. बसून वाचा.

आमच्या घरात बाळंतीण आहे. माझी आई.

आता उठून फेऱ्या मारू नका, पुढे वाचा. माझ्या आईला जूनच्या सुरुवातीला मुलगी झाली. ती आजीसारखी दिसत असली तरी अजून म्हातारी झालेली नाही. पंधरा वर्षांची असताना तिने मला जन्म दिला, हिशोब तुम्हीच करा. इस्टरपर्यंत तिने लुगड्याखाली झाकलं. मग झाकेना, तेव्हा गाठ म्हणून सांगितलं आणि मला निरोप धाडला. मी आले तेव्हा ती दाराआड उभी होती. मला म्हणाली, “माझ्या पोटाकडे बघू नकोस, तोंडाकडे बघ आणि सांग, माझं बाळंतपण कर असं तुला कोणत्या तोंडाने म्हणू?”

बाप कोण ते मी विचारलं नाही. ती सांगत नाही. आमच्या उमुएझेत विधवेला मूल झालं तर ते तिच्या मेलेल्या नवऱ्याचं, त्याच्या घराचं. माझ्या बाबांचं नाव लागेल. म्हातारे ते मानतात. पाद्री मानत नाही. तिला पट्टा जाण्याची भीती होती, बाकावरून उठवतील याची भीती होती. पण त्याहून मोठी भीती कसली होती माहीत आहे? तुमची. ती म्हणायची, “माझा जावई तिकडे बोलावेल, ओमुग्वोला या म्हणेल, आणि मी छातीला माझंच मूल लावून त्याच्या दारात कशी उभी राहू? बाळंतीण बाळंतिणीचं करायला आली म्हणून लोक हसतील.”

म्हणून उलटं झालं. सगळं जग उलटं. लेकीने आईचं ओमुग्वो केलं. सातव्या महिन्याचं पोट घेऊन मी तिला गरम पाण्याने शेकलं. मी फडकं पिळून तिच्या पोटावर दाबायची आणि ती तोंड फिरवून रडायची. दुखतंय का विचारलं तर म्हणायची, “दुखत नाही गं, लाज पाझरते आहे.” तिला दूध नव्हतं. तेव्हा उझिझा लागणारच होता. जवळच्या बाजारात घेतलं असतं तर अर्ध्या दिवसात गावभर झालं असतं. म्हणून नदीपलीकडे गेले. तिथे म्हातारीने मला हाकललं आणि लिव्हिनसने पाहिलं. मी त्याची हाक ऐकली होती.

मी एकही पान खाल्लं नाही. कापायच्या आधी हातालासुद्धा तेल लावायची. इतकी मी घाबरायची.

तुम्हाला का नाही सांगितलं? आईने माझ्याकडून वचन घेतलं होतं. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही ऐकलेलं पोटात ठेवता का? बघा ना काय केलंत.

मंडळाचं पत्र आलं आहे. पुढच्या आफोच्या बाजारदिवसानंतर तिला म्हाताऱ्यांसमोर बोलावलं आहे. मुली लपवून पोटं पाडते म्हणून! तिने पाप केलं असेल तर ते पाळण्यात आहे, पुरून टाकलेलं नाही. एन्यी, मी कधी काही मागितलं नाही. मंडळाला सांगा की चुकलं. सचिवाला तार करायला लावा. तार आली तर ते थांबतील. नाही आली, तर स्वतःचं नाव वाचवायला तिला मूल दाखवावं लागेल.

मी ताईच्या घरी जाणार नाही. सण होऊन जाऊ दे नाहीतर देज मागायला माणसं येऊ दे. आईला या वेळी एकटी टाकून मी कुठेही जाणार नाही.

अदाकू


उमुओबासी,
२१ ऑगस्ट १९८४

एन्यी,

तुझी तार आली नाही. अदाकू शेवटपर्यंत रस्त्याकडे बघत होती. लिव्हिनस म्हणाला, तू न्गालाला गेलास आणि पत्रं मैदुगुरीत पडून आहेत. कुठेही एक महिना टिकला असतास तर हे झालं नसतं.

काय झालं ते सांगते. तू तिथे नव्हतास, म्हणून तुला सगळं ऐकावं लागेल.

उमुएझेच्या थोरल्या म्हाताऱ्याच्या अंगणात सगळे जमले. आपल्याकडचे पाच-सहा म्हातारे, त्यांच्याकडचे जास्त. बायका कडेला. मला फिर्यादीच्या बाजूला बसवलं, तुझी बहीण म्हणून. मला पाय पोटाशी घेऊन बसावंसं वाटत होतं. मानाची कोलाची बी फोडली, ताडी ओतली, आणि मंडळाचं पत्र मोठ्याने वाचलं. तुझे शब्द, एन्यी. ‘धंदा’ हा शब्द वाचताना वाचणारा मास्तर अडखळला.

तुझी सासू आली. निळा पट्टा लावून आली. मला वाटलं, बाईला काय हिंमत! मग ती वळली आणि पाठीवर बांधलेलं मूल दिसलं.

बायका माना उंचावून बघायला लागल्या. 

थोरल्या म्हाताऱ्याने विचारलं, “उलोमा, हे कोणाचं?”

ती म्हणाली, “बाबा, तुम्ही मला जुडी कोणाच्या पोटात गेली ते विचारायला बोलावलं आहे. तेवढंच सांगते. माझ्या पोटात गेली. हिला दूध यावं म्हणून गेली.” आणि मुलीला पाठीवरून सोडून, हातावर घेऊन सगळ्यांना दाखवली, बाजारात कापड दाखवतात तशी. “मी पोटं पाडते म्हणतात. पाडता आलं असतं तर मी आज हिला घेऊन तुमच्यासमोर उभी असते का?”

आपल्याकडचा ओजी म्हातारा, ज्याला गप्प बसता येत नाही, तो म्हणाला, “पण बाप कोण?”

तिकडून एक म्हातारी ओरडली, “तुझ्या आईने सांगितलं होतं का सगळ्या गावासमोर, तुझा बाप कोण?” हशा झाला. बायका तोंडावर हात घेऊन हसल्या. पण उलोमा हसली नाही.

थोरल्याने काठी आपटली. म्हणाला, “बाप न्वोकेओमा. तो मेला, त्याचं घर मेलेलं नाही. पोर आमची. हा प्रश्न इथे संपला.” आणि त्याने कोलाचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. मग आपल्या लोकांकडे बघून म्हणाला, “तुमच्या मुलाला सांगा, आमच्या घरातल्या बाईचं नाव त्याने परगावी धुळीत टाकलं. ते त्याने स्वतः उचलून आणायचं.”

तेवढ्यात तिने पट्टा काढला. घडी घातली. माझ्याजवळ येऊन माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “तू रविवारी चर्चला जातेस ना? देऊन टाक त्यांना. मला मागून घ्यायला लावू नकोस.” मी तो दिला. त्यांनी घेतला. तिला आता मागे, दाराजवळच्या बाकावर बसवतात.

अदाकू माझ्याशी बोलली नाही. तुझ्याबद्दल तर नावही काढलं नाही.

ओयिदिया


मैदुगुरी,
९ सप्टेंबर १९८४

ताई,

न्गालाहून आलो आणि तुमची दोन्ही पत्रं एकत्र हातात पडली. आधी तुझं उघडलं, मग तिचं. उलटं वाचलं असतं तरी काय फरक पडला असता म्हणा. सण होऊन गेला होता.

मला जेवण जात नाही. मी काय बोललो ते मला सारखं ऐकू येतं आहे, माझ्याच आवाजात.

तरी एक विचारतो. तू खरंच पाहिलंस ना मूल? म्हणजे ते तिचंच होतं ना? दुसऱ्या कुणाचं उसनं तर नव्हतं? राग मानू नकोस. माझं डोकं असंच आहे. एकदा संशयाचा किडा शिरला की चांगल्या फळालाही पोखरतो. आत्ता हे लिहिलं आणि वाचून माझीच मला शिसारी आली. खोडत नाही, तुला माझं खरं रूप दिसू दे.

सासूबाईंना माझ्याकडून निरोप दे. अदाकूच्या वेळी त्यांनी यावं. माझ्या घरी यावं, मुलीला घेऊन यावं. जावयाने बोलावल्याशिवाय ओमुग्वोला येता येत नाही म्हणून मी बोलावतो आहे. लिव्हिनसच्या हाती सुका मासा, मीठ आणि एक लुगडं पाठवलं आहे. ते त्यांना तू स्वतः नेऊन दे. त्या नाही म्हणाल्या तर त्यांचा हक्क आहे.

अदाकूला काय लिहू ते सुचत नाही. कागद घेतो आणि पेन खाली ठेवतो.

एन्यी


उमुओबासी,
६ ऑक्टोबर १९८४

एन्यी,

मुलगा झाला. आठवडा झाला. नाक तुझं आहे, बिचारा.

लुगडं घेऊन मी उमुएझेला गेले होते तेव्हा उलोमाने ते हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “त्याने लिहिलं की तू लिहिलंस?” मी तुझं पत्र वाचून दाखवलं. शिसारीचा भाग गाळला. ती म्हणाली, “लेक माझी आहे. त्याने बोलावलं नसतं तरी मी आले असते. पण मग मागच्या दाराने यावं लागलं असतं. आता पुढच्याने येईन.”

आणि आली. दिवस भरत आलेली अदाकू पुढे, मागे ही, पाठीवर स्वतःची मुलगी, डोक्यावर पेटी. लोक बघायला उभे राहिले. लिव्हिनसची आई म्हणाली, “अगं, कोण कोणाचं करायला आली आहे?” उलोमा चालता चालता म्हणाली, “ज्याला आधी भूक लागेल त्याचं.” त्या बाईला बोलता येतं हं. आजवर तिला कुणी बोलू दिलं नव्हतं एवढंच.

दोन्ही पोरं एकाच घंगाळात न्हातात. मावशी चार महिन्यांची नि भाचा आठ दिवसांचा. कोण कोणाकडे पाय झाडतं कळत नाही. अदाकूला शेकते तेव्हा हात असा दाबते की अदाकूचा आरडाओरडा माझ्या मशीनपर्यंत येतो, आणि दोघी मायलेकी मग हसत सुटतात. अदाकूला दूधही भरपूर आहे. उझिझाचं कालवण रोज होतं. बाजारातून मी आणते, आपल्याच, उघड्यावरून, टोपलीत वर ठेवून.

पण एक गोष्ट मला बघवत नाही, ती तुला लिहायलाच हवी.

कालवण झालं की उलोमा मला हाक मारते. मी काम टाकून येते. मग माझ्यासमोर ती वाडग्यातली एक पळी स्वतः खाते, गिळते, तोंड उघडून दाखवते आणि म्हणते, “ओयिदिया, बघितलंस? लिही तुझ्या भावाला, मी आधी खाल्लं.” मगच वाडगा अदाकूकडे जातो. प्रत्येक वेळी. पहिल्या दिवशी मला थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी अदाकू रडायला लागली. तरी ती थांबत नाही.

मी काल म्हटलं, “अहो, पुरे आता. कुणी काही म्हणत नाही.”

ती म्हणाली, “म्हणालाय की. मैदुगुरीत म्हणाला, माणसं जमवून म्हणाला. आता उद्या या पोराला साधी शिंक आली तरी लोक माझ्या हातांकडे बघतील. म्हणून तुला साक्षीला ठेवते.”

“कुठवर?”

“माझ्या हातचं जेवायला बसतील तोवर.”

कोण, ते तिने सांगितलं नाही.

ओयिदिया


मैदुगुरी,
१९ ऑक्टोबर १९८४

ताई,

काल मंडळाची बैठक होती. मी उभा राहिलो. त्याच जागी, त्याच माणसांसमोर. म्हटलं, मी खोटं बोललो होतो. उलोमाने कुणाचं काही केलं नाही, तिने तिचं मूल वाढवलं आणि तिच्या लेकीने तिचं बाळंतपण केलं. एकजण मागून म्हणाला, “लेकीने आईचं? हे काय नवीन?” आणि दोघं-तिघं हसले. मी म्हटलं, हसा, पण आधी लिहून घ्या. सचिवाने लिहिलं. मंडळाने मला दंड केला, ताडीचे दोन घडे आणि कोला. दिले. आधीचं पत्र रद्द केल्याचं नवीन पत्र सही-शिक्क्यानिशी माझ्याजवळ आहे. उमुएझेच्या थोरल्या म्हाताऱ्याला ते मी स्वतः देईन.

होडीवाल्याला सांगितलं, जातो. तो म्हणाला, “तू तर आत्ताच आलास.” मी म्हटलं, या वेळी मी काम सोडून जात नाहीये, कामाला जातो आहे. त्याला काही कळलं नाही.

शनिवारी लिव्हिनसच्या लॉरीत मालावर बसून निघतो. रस्त्यात काही झालं नाही तर हे पत्र आणि मी बरोबरच पोचू. पत्र आधी पोचलं तर सासूबाईंना एवढंच सांग. बाळंतिणीचं कालवण पुरुषाने खाल्लं तर गावात हसतात हे मला माहीत आहे. तरी मी येईन त्या दिवशी अंगणात चटई टाकायची, दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांना बोलवायचं, लिव्हिनसच्या आईलाही, आणि वाडगा सगळ्यांसमोर माझ्या हातात द्यायचा. वर उझिझा भरपूर घालायला सांग.

त्या दिवशी पहिली पळी माझी. त्यांनी आधी खायचं नाही.

एन्यी